उडीमुंगीची लेखी नोंद

मुंगी उडी मारते की नाही, या एका प्रश्नापायी सौदामिनी टीचरचं मुख्याध्यापकपद हुकलं होतं.

साल १९७४. केरळातल्या त्या डोंगरपायथ्याच्या शाळेत तपासणीला आले होते इन्स्पेक्टर वारियर सार. सदऱ्याच्या कॉलरला पाठीमागे छत्री अडकवलेली, धोतर परीटघडीचं, आणि चेहरा असा की समोरच्याला आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. सहावी 'ब' मध्ये त्यांनी विचारलं, "उड्या मारणारे प्राणी सांगा." पोरांनी बेडूक सांगितला, नाकतोडा सांगितला, माकड सांगितलं. मागच्या बाकावरचा पुष्करन उठला आणि म्हणाला, "मुंगी, सार."

"कुठली मुंगी?"

"नागांच्या देवराईतली, सार. टीचरनी सांगितलंय."

वारियर सार इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. पुष्करनला बाकावर उभं केलं गेलं, आणि टीचरच्या सेवापुस्तकात लाल शाईनं शेरा पडला: 'शिक्षिका वर्गात काल्पनिक प्राणी शिकवतात. उदाहरणार्थ, नागदेवराईतली उडी मारणारी मुंगी.' त्या शेऱ्याच्या जोरावर पुढे दोघीजणी त्यांच्या डोक्यावरून मुख्याध्यापक झाल्या. त्यातल्या एकीला बेडूक आणि भेक यांतला फरक ठाऊक नव्हता. पण त्या बाईंचं सेवापुस्तक स्वच्छ होतं.

मुंगी मात्र काल्पनिक नव्हती. टीचर सात वर्षांच्या असताना ती त्यांच्या अंगठ्याला डसली होती, आणि काल्पनिक प्राण्यानं अंगठा तीन दिवस सुजत नाही. बोटाच्या पेराहून थोडी लहान, विटकरी रंगाची, डोळे बटबटीत आणि जबडा सांडशीसारखा लांब. ती रांगेत चालायची नाही. एकटीच शिकारीला निघायची, कोणी आडवं आलं की टुणकन वीतभर उडायची. रांगेत न चालणारी मुंगी. टीचरला ती मुळातच आवडायची.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाल्यावर पंचायतीत टूम निघाली की गावातल्या झाडापेडांची, पाखराकिड्यांची एक नोंदवही करायची. सरकारी, शिक्क्याची, कायमची. मार्चअखेर वही बंद होणार होती. पंचायतीचा सेक्रेटरी होता पुष्करन, तोच, सहावी 'ब' मधला. टीचर छत्री घेऊन कचेरीत गेल्या.

"पुष्करा, मुंगी लिहून घे."

पुष्करन उभा राहिला. टीचर समोर आल्या की तो अजूनही उभा राहायचा आणि मग बसायचं कधी ते त्याला कळायचं नाही. लहानपणी एकदा खरं बोलून बाकावर उभा राहिल्यापासून या माणसानं छापील रकान्याबाहेर एक शब्द म्हणून उच्चारला नव्हता.

"शास्त्रीय नाव लागेल, टीचर. संशोधन संस्थेचं पत्र लागेल. पत्रासाठी नमुना लागेल. आणि नोंदवही समितीचे अध्यक्ष मंजूर करतील तेव्हा."

"अध्यक्ष कोण?"

पुष्करननं पंख्याकडे पाहिलं. "वारियर सार."

टीचर छत्री उघडून बाहेर पडल्या. बाहेर ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता.

आता नमुना म्हणजे मेलेली मुंगी, आणि मुंगी राहते देवराईत. देवराई टीचरच्याच घराण्याची, परसाला लागून. पण तिथला नियम नागांच्याही आधीचा: आत जाल तर आंघोळ करून, अनवाणी, पुरुषांनी उघड्या अंगानं, आणि बाहेर येताना पानसुद्धा आणायचं नाही. वाळकी काटकी चुलीत घातली म्हणून टीचरच्या एका चुलत्याचे सगळे दात एका वर्षात पडले होते. नियमाचे सध्याचे रखवालदार होते टीचरचे थोरले बंधू, दामोदरेट्टन.

"एट्टा, एक मुंगी लागते."

"एक पानही नाही, तिथं मुंगी! तिला तर जीव आहे."

"ती आपल्या पायांनी बाहेर आली तर?"

दामोदरेट्टननी विड्याचं पान गालफडात सरकवून बराच विचार केला. ते आयुष्यभर तालुका कोर्टात कारकून होते. असा मुद्दा त्यांना फार दिवसांत मिळाला नव्हता. "आपण होऊन आली तर नागांचा आक्षेप नसावा. पण सहाही पाय बाहेर हवेत. चार पाय बाहेर आणि दोन आत, असली मुंगी मी धरू देणार नाही."

झालं. देवराई आणि परस यांच्यामध्ये जांभ्या दगडांचा गडगा होता. गडग्याच्या अलीकडे स्टुलावर टीचर चहाचं गाळणं घेऊन बसल्या, पलीकडे फणसाच्या मुळावर दामोदरेट्टन पंच म्हणून बसले. पहिल्या दिवशी दुपारी एक मुंगी गडग्यावर चढली, मिश्या हलवल्या, चार पाय अलीकडे टाकले आणि घरी काहीतरी विसरल्यासारखी परत गेली. टीचरनी गाळणं खाली ठेवलं.

शेजारची त्रेस्याम्मा कुंपणावरून हे सगळं पाहत होती. त्रेस्याम्माकडे जगातल्या प्रत्येक दुःखावर उपाय असे, आणि तो ती विचारल्याशिवाय देत असे.

"काय झालं हो टीचर? मुंग्या?"

"हो. एक मुंगी."

"एक दिसते म्हणजे आत हजार असतात. हळद टाकली का? रॉकेल? आमच्या ह्यांनी गेल्या साली वेलदोड्याच्या मळ्यातून पावडर आणलीय. मुंगी नुसती वास घेते आणि देवाघरी."

"मला ती मारायची नाहीये, त्रेस्याम्मे. म्हणजे मारायचीय. पण एकच."

त्रेस्याम्माला एवढंच कळलं की टीचर भिडस्त आहेत. दुसऱ्या दिवशी टीचर रेशनला गेल्या असताना त्या प्रेमळ बाईनं गडग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या पावडरीची अशी रेघ ओढली की तालुक्याच्या मैदानावर कधी ओढली गेली नसेल. टीचर परत आल्या तेव्हा ती हात धूत होती. "उपकार कसले त्यात! शेजारधर्म."

टीचरनी त्या दुपारी सत्तर कळशा पाणी काढलं आणि गडगा धुतला. त्रेसष्टाव्या वर्षी. पाठ धरली, पण रेघ गेली. त्रेस्याम्मानं नंतर चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी पाठीला चोळायला तेल घेऊन आली.

त्याच दिवशी मुंगी आली. गडग्यावर चढली. टीचर श्वास रोखून बसल्या. तेवढ्यात फणसावरून एक पान पडलं, मुंगी दचकली आणि उडाली. देवराईतून थेट टीचरच्या परसात, धुण्याच्या दगडावर. टीचरनी गाळणं घातलं.

"एट्टा! हवेत असताना ती कोणाची होती?"

दामोदरेट्टन उठून उभे राहिले. निकाल देताना ते नेहमी उभे राहत. "उडताना कोणाचीही नाही. उतरली तिथली."

मुंगी मिळाली. पण ती टिकवायची तर स्पिरिट पाहिजे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्पिरिट परवान्याचं असतं, पण साबुदाण्याच्या गोळ्यांवर चार थेंब घालून देतो, मुंगीला सकाळ-संध्याकाळ द्या. शेवटी रस्ता एकच उरला. सरकारी दारूचं दुकान.

तिथली रांग म्हणजे गावातली सर्वांत शिस्तीची गोष्ट. बसला धक्काबुक्की, रेशनला शिवीगाळ, इथे मात्र माणसं एकामागे एक, मान खाली, जणू आज्ञापालन हा विषय शाळेत नाही तर इथेच शिकले. टीचर कोरं कडक जरीकाठी मुंडू नेसून, वर उपरणं घेऊन, देवळात जावं तशा, शेवटच्या माणसामागे उभ्या राहिल्या. त्या माणसानं मागे वळून पाहिलं आणि टोपी काढली.

"टीचर? मी सुगुणन. एकोणऐंशीची बॅच."

मग रांगेतून एकेक मान वळत गेली. एकाहत्तरची बॅच. त्र्याऐंशीची बॅच. रांगेचा निम्मा भाग टीचरनीच घडवलेला होता. दोघे गुपचूप सटकले. बाकीच्यांनी आग्रह धरला.

"टीचर, पुढे चला. तुम्ही का उभ्या?"

"नाही. मी रांगेनंच येणार."

"कोणासाठी हो, टीचर?" सुगुणननं हळूच विचारलं. "दामोदरेट्टनना सांगितलं असतं तर..."

"मुंगीसाठी."

सुगुणननं मान डोलावली. तो स्वतः दर शनिवारी सासूच्या गुडघ्यांसाठी येत असे.

खिडकीशी टीचरनी विचारलं, "सर्वांत कडक कुठली?" आणि मागे उभ्या असलेल्या पंचवीस वर्षांच्या बॅचेस एकमुखानं रमचं नाव बोलल्या. वर्गात इतकं एकमुखी उत्तर टीचरना कधी मिळालं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावात पसरायचं ते पसरलं. त्रेस्याम्मा दार लोटून आत आली, टीचरचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "एकटेपण वाईट हो, टीचर. आमच्या ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. रविवारी चला माझ्याबरोबर. पाद्रीबाबा शपथ घालतात. धर्म विचारत नाहीत."

टीचरनी तिला बाटली दाखवली. तळाशी मुंगी होती. त्रेस्याम्मानं मुंगीकडे पाहिलं, टीचरकडे पाहिलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "ह्यांच्या बाटलीतही एकदा झुरळ निघालं होतं. तेव्हाही सोडली नाही."

पोस्टात निराळीच कथा. पोस्टमास्तरांनी पुडकं कानाशी हलवलं. "पातळ पदार्थ चालत नाही. आत काय आहे?"

"मुंगी."

"जिवंत?"

"मेलेली."

"मृत प्राणी पाठवायचा नियम शोधावा लागेल." त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. त्यात मधमाश्या जिवंत पाठवण्याची सोय होती, रेशमाच्या किड्यांची होती. मेलेल्या मुंगीबद्दल इंग्रजांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. अखेर टीचरनी तिथेच बाटली उघडून रम खिडकीबाहेरच्या जास्वंदीला घातली, मुंगी ओल्या कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवली आणि वर लिहिलं 'शैक्षणिक साहित्य'. शिक्का पडला. पोस्टमास्तर जास्वंदीकडे खूप वेळ पाहत राहिले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एका तरुण संशोधकबाईंनी सुबक अक्षरात लिहिलं होतं: नमुना उत्तम स्थितीत मिळाला, वासाचंही प्रयोगशाळेत सर्वांनी कौतुक केलं. मुंगी ओळखीची आहे, पण तुमच्या पंचायतीतून यापूर्वी कोणी कळवलेली नाही. खाली लॅटिन नाव होतं आणि कंसात लिहिलं होतं की त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'उड्या मारणारी'.

टीचरनी ते पत्र तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःसाठी केळ्याची भजी तळली. एकटीसाठी तेल तापवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

समितीच्या बैठकीत वारियर सारांनी पत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे संधिवातानं ताठलेले, पण कॉलरला छत्री तशीच.

"मुंगी आहे, एवढं सिद्ध होतं. उडी मारते हे नाही."

"नावातच आहे की, सार," टीचर म्हणाल्या.

"नावाचं काय सांगता! आपल्या गावातला सत्यशीलन खोट्या साक्षीबद्दल आत आहे."

"दामोदरेट्टननी उडी पाहिलीय."

"सख्खा भाऊ. ग्राह्य नाही."

पुष्करन खाली बघून फॉर्म चाळत होता. "शिवाय टीचर, 'उपयोग' हा रकाना आहे. औषधी, खाद्य, चारा किंवा इंधन. रिकामा ठेवता येत नाही."

"पुष्करा, तुझ्या नेमणुकीच्या कागदावर तुझा उपयोग लिहिलाय का?"

समितीतले कृषी अधिकारी हसले आणि मग खोकल्यासारखं केलं. वारियर सारांनी पत्राची घडी केली. "टीचर, चोवीस वर्षं झाली. कशाला धरून बसता? मी माझा शेरा केव्हाच विसरलो."

"तुम्ही विसरलात, सार. मी नाही, आणि मुंगीही नाही. उद्या देवराईत या. डोळ्यांनी पाहा. नाही उडाली तर मी भर बैठकीत म्हणेन की मी पोरांना खोटं शिकवलं."

पुष्करननं पहिल्यांदाच फॉर्मवरून नजर उचलली. टीचर खोट्या ठरल्या तर मागच्या बाकावरचा पोरगाही खोटा ठरणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती आली आणि दामोदरेट्टननी तिला घरच्या तळ्याच्या पायरीवर अडवलं. "आधी आंघोळ."

"आम्ही सरकारी कामावर आहोत," कृषी अधिकारी म्हणाले.

"नाग सरकारी नाहीत."

तर असा सोहळा निघाला: पुढे दामोदरेट्टन, मागे उघडेबंब, अनवाणी, निथळत असलेले कृषी अधिकारी, त्यामागे वही डोक्यावर धरलेला सेक्रेटरी, आणि सर्वांत मागे वारियर सार. छत्री अडकवायला आता कॉलर नव्हती, म्हणून ती त्यांनी बगलेत मारली होती. सदरा उतरल्यावर इन्स्पेक्टर आणि इतर माणसं यांत फारसा फरक राहत नाही, हे टीचरनी मनातल्या मनात नोंदवलं. त्रेस्याम्मा कुंपणाशी स्टूल घेऊन बसली होती. येशूनं तिच्या आयुष्यात इतकी करमणूक एका सकाळी कधी पाठवली नव्हती.

वारूळ नव्हतंच, पाचोळ्यात एक साधं भोक होतं. सगळे भोवती उकिडवे बसले. वारियर सारांचे गुडघे वाकेनात, म्हणून ते काठीसारखे ताठ उभे राहिले. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. एक मुंगी बाहेर आली, मधोमध उभी राहिली, बटबटीत डोळ्यांनी समितीकडे पाहिलं आणि हलली नाही. अगदी तपासणीला आल्यासारखी.

"उड की गं," टीचर पुटपुटल्या.

"आज्ञा पाळत नाही वाटतं," वारियर सार म्हणाले. "मी पुरे झालं म्हणतो. लिहून घ्या, पुष्करन. उडी मारत..."

ते नीट दिसावं म्हणून अर्धं पाऊल पुढे आले. पाचोळा करकरला. मुंगी उडाली. वीतभर, सरळ रेषेत, आणि सारांच्या ओल्या धोतराच्या काठाशी उतरून आत दिसेनाशी झाली.

पुढे काय झालं याबद्दल समितीत नंतर कधीही दुमत झालं नाही. मुंगीची उडी कोणी पाहिली, कोणी नाही. पण अकरा वर्षं गुडघा न वाकवलेल्या वारियर सारांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलून जी उडी मारली, ती सर्वांनी पाहिली. त्रेस्याम्मानं तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सारांना फणसाच्या मुळावर बसवलं. मुंगी धोतरातून खाली उतरून, काही झालंच नाही अशी, आपल्या भोकाकडे गेली. दामोदरेट्टन आधी तिच्यामागे गेले आणि ती सहाही पायांनिशी आत पोचल्याची खात्री करून मग सारांची चौकशी करायला आले.

"गुडघा वाकला की हो, सार," पुष्करन भीत भीत म्हणाला आणि रकान्याकडे बघत उजळला. "उपयोग: औषधी, सांधेदुखीवर. लिहू?"

"अजिबात नाही," टीचर म्हणाल्या. "उद्या लोक बाटल्या भरून नेतील. लिही: तिचा तिला."

पुष्करननं सारांकडे पाहिलं. सारांनी दात आवळून मान डोलावली. मांडीला लिंबाएवढी गाठ आली होती. त्यांनी हात पुढे केला, वही मागितली आणि शेवटच्या रकान्यात चोवीस वर्षांपूर्वीच्याच वळणात लिहिलं: 'पाहिले.' खाली सही. मग टीचरकडे न बघता म्हणाले, "शिक्षण खात्याला पत्र लिहितो, टीचर. तो शेरा खोडायला सांगतो."

हे ऐकायला टीचर चोवीस वर्षं थांबल्या होत्या. त्यांनी उपरण्याच्या आतून एक घडी घातलेला कागद काढला. सेवापुस्तकातल्या त्या पानाची शिक्क्याची नक्कल. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी एवढं एकच मागून घेतलं होतं.

"खोडायचा नाही, सार."

"का?"

"वाचा. नाव आहे, जागा आहे, तारीख आहे. 'नागदेवराईतली उडी मारणारी मुंगी.' या पंचायतीत या मुंगीची पहिली लेखी नोंद तुम्हीच केलीय. नोंदणाऱ्याला मुंगी कळली नाही, एवढंच. पुष्करा, 'पूर्वीची नोंद' असा रकाना आहे ना?"

होता. आजवर एकाही नोंदीत भरला गेला नव्हता. पुष्करननं शेरा शब्द न् शब्द उतरवून घेतला, काल्पनिक प्राण्यांसकट, कारण उतारा घेताना गाळायचं नाही असा नियम होता. वारियर सार डोळे मिटून ऐकत होते. एका क्षणी ते हसल्यासारखे वाटले. पण गाठ ठणकत होती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"आता 'माहिती देणारा'," पुष्करन म्हणाला आणि टीचरचं नाव लिहायला लागला.

टीचरनी त्याचा हात धरला. "माझं कशाला? इन्स्पेक्टरला सांगितलं कोणी?"

पुष्करनचं पेन थांबलं. उघड्या अंगावर वाऱ्यानं काटा आला होता की कशानं, कोण जाणे. त्यानं सावकाश स्वतःचं नाव लिहिलं आणि थांबला.

"इयत्ता लिही," टीचर म्हणाल्या. "सहावी 'ब'. आणि पुष्करा, आता बस खाली."